यकृताच्या दाराशी

पोरांनो, आजची गोष्ट इटलीतल्या एका कुत्र्यापासून सुरू होते आणि तुमच्या-माझ्या पोटात येऊन पोचते. मधे एक राणी आहे, वटवाघळं आहेत, पाणबुड्या आहेत आणि मोटारीच्या डिकीत भरून नेलेल्या गाठीसुद्धा आहेत. तेव्हा नीट मांडी घालून बसा. प्रश्न विचारायला हरकत नाही, पण कुणी जांभई दिली तर गोष्ट तिथेच थांबेल.

तर साल होतं १६२२. इटलीत गास्पारे आसेली नावाचा एक शल्यवैद्य होता. मित्रांना मज्जातंतू दाखवावेत म्हणून त्याने एका जिवंत कुत्र्याचं पोट उघडलं. त्या काळी असे प्रयोग चालत. आज ऐकतानाही वाईट वाटतं. कुत्र्याने नुकतंच पोटभर खाल्लं होतं. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर आसेलीला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. त्याला वाटलं, हेही मज्जातंतूच. एक दोरा टोचून पाहिला, तर आतून दुधासारखा पांढरा द्रव बाहेर आला! मग त्याने उपाशी कुत्रं तपासलं, तर दोरे गायब. खाऊ घातलेलं कुत्रं पाहिलं, की पुन्हा हजर. म्हणजे त्या नळ्या होत्या, आणि जेवल्यावर अन्नातल्या स्निग्ध पदार्थाने भरत होत्या.

पण या नळ्या जातात कुठे? आसेलीने सांगून टाकलं, यकृताकडे. तसं त्याला दिसलं म्हणून नव्हे, तर गेलन या थोर वैद्याने चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं म्हणून. अन्नाचा रस यकृतात जातो आणि तिथे त्याचं रक्त होतं, असं गेलनचं म्हणणं. इतक्या मोठ्या माणसाला खोटं कोण पाडणार?

पाडलं ते तरुणांनी. १६५१ साली फ्रान्सच्या जाँ पेके याने दाखवलं, की हा पांढरा रस यकृताकडे फिरकतही नाही. तो पाठीच्या कण्याजवळून एका नळीने वर चढतो आणि मानेच्या पायथ्याशी थेट रक्तात मिसळतो. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये ओलाउस रुडबेक नावाच्या पोराने क्रिस्टिना राणीसमोर आणखी एक नवल मांडलं. हा रुडबेक १६३०चा, आपल्या शिवरायांच्या जन्मसालातला, म्हणजे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. खुद्द यकृतातूनही नळ्या निघतात, त्यांत पाण्यासारखा नितळ द्रव असतो आणि तो यकृतात येत नाही, यकृतातून बाहेर जातो, हे त्याने दाखवलं. तिकडे डेन्मार्कात टोमास बार्टोलिनलाही तेच सापडलं होतं. आधी कुणी शोधलं यावरून दोघांची चांगलीच जुंपली. बार्टोलिन मोठा मिस्कील. रक्त बनवण्याचा मान यकृताकडून गेला म्हणून त्याने यकृताचा चक्क मृत्युलेख लिहिला!

“म्हणजे आजोबा, यकृताला कामच उरलं नाही?”

उरलं नाही कसं? उजव्या बरगड्यांखाली दीड किलोचा हा अवयव बसलेला आहे. त्याच्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. त्यातलं तीन चतुर्थांश पोर्टल शीर नावाच्या मोठ्या रक्तवाहिनीतून थेट आतड्यांकडून येतं. म्हणजे आपण जे काही खातो-पितो, त्याची पहिली झडती यकृतात होते. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रं असतात. रक्ताचा पाणीदार भाग त्यांतून बाहेर झिरपतो, यकृताच्या पेशींना भेटतो आणि उरलेला नळ्यांत शिरतो. हाच तो रुडबेकचा नितळ द्रव. त्याला म्हणतात लसिका. छातीतून वर जाणाऱ्या पेकेच्या नळीत जेवढी लसिका वाहते, तिच्यातली पाव ते निम्मी एकट्या यकृतातून आलेली असते.

आता मला सांगा, पायाला ठेच लागली, जखम चिघळली, की जांघेत काय येतं?

“अवधाण!”

बरोबर. दुखणं पायाच्या अंगठ्याला आणि गाठ जांघेत, असं का? कारण पायाची लसिका वर जाताना जांघेतल्या गाठींमधून गाळली जाते. अशा ६००च्या आसपास गाठी आपल्या अंगात आहेत. घसा धरला की जबड्याखाली फुगतात त्याही याच. मग यकृताची लसिका कुठे गाळली जात असेल? यकृताच्या खालच्या अंगाला एक खाच आहे. तिथून पोर्टल शीर आणि धमनी आत जातात, पित्ताची नळी बाहेर पडते. शरीरशास्त्रातही त्या जागेला यकृताचं दारच म्हणतात. त्या दाराशी, त्या तीन नळ्यांना बिलगून, काही लसिकागाठी बसलेल्या असतात. एरवी त्या इतक्या लहान आणि चपट्या, की कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

फुगतात कशा, तेही ऐका. पालखीच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव आठवा. एरवी दोन-चार हजार वस्तीचं. आषाढात पालखी आली, की एका रात्रीत लाखभर माणूस. देवळात, शाळेत, ओट्यावर, शेतात माणसंच माणसं. गावाची हद्द कुठे संपते तेच कळत नाही. पालखी पुढे गेली, की चार दिवसांत गाव पुन्हा होतं तेवढं. लसिकागाठीचं तसंच आहे. यकृतात विषाणू शिरला, की त्याचे तुकडे आणि मेलेल्या पेशींचा कचरा लसिकेबरोबर दाराशी येतो. खबर घेऊन येणाऱ्या पेशीही असतात. मग गाठीत लढणाऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, तिथेच एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि गाठ फुगते.

“पण आजोबा, कावीळ झाली तर डोळे पिवळे होतात की! गाठ कशाला बघायची?”

शाबास. गोष्टीची खरी गोम तिथेच आहे. कावीळ करणारे विषाणू बरेच आहेत. दूषित पाण्या-अन्नातून येतात ते ‘ए’ आणि ‘ई’. डोळे पिवळे होतात, अन्न नको होतं, आणि बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरं वाटतं. गळ्यात काविळीची माळ घालणाऱ्यांना यश येतं ते याच्याच जिवावर. माळ घातली नसती तरी कावीळ उतरलीच असती. ‘बी’ आणि ‘सी’ यांची तऱ्हा वेगळी. ते रक्तातून येतात. न उकळलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, न तपासलेलं रक्त यांतून. ‘बी’ तर बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. अंगात शिरले तरी पुष्कळांचे डोळे पिवळे होतच नाहीत. ‘सी’ शिरलेल्या शंभरातल्या सत्तरांच्या अंगात तो कायमचा मुक्काम ठोकतो. माणूस शेतात जातो, ऑफिसला जातो, लग्नं लावतो, आणि यकृत आतल्या आत वीस-वीस, तीस-तीस वर्षं धुमसत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात ‘बी’ होता आणि ५५ लाखांच्या अंगात ‘सी’. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

‘बी’ची खूण बरूक ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात सापडली. ‘सी’ मात्र सापडता सापडेना. रक्त चढवलेल्या रुग्णांचं यकृत सुजायचं, ‘ए’ नाही, ‘बी’ही नाही, म्हणून डॉक्टर त्याला ‘ना ए, ना बी’ असंच म्हणत. शेवटी १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो पकडला. हॉटन यांच्यासह हार्वे ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांना त्यासाठी २०२० साली नोबेल मिळालं.

तर रोग मुका आहे. पण दाराशी गाठी फुगलेल्या आहेत. त्या बघायच्या कशा? पोट न उघडता, एक टोचाही न मारता? इथे आमची वटवाघळं येतात.

१७९०च्या दशकात, पुन्हा इटलीतच, लाझ्झारो स्पालान्झानी नावाचे पाद्री होते. त्यांना दिसलं, की मिट्ट काळोखात घुबड आपटतं, पण वटवाघूळ बिनधास्त उडतं. त्याचे डोळे झाकले तरी उडतं. मग जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तर बिचारी भिंतीवर आपटायला लागली! वटवाघूळ कानांनी बघतं, असं दोघं म्हणू लागले आणि लोक हसले. कारण उडताना वटवाघळाचा आवाज तर कुणालाच येत नव्हता. हे हसणं जवळजवळ दीडशे वर्षं चाललं. १९३८ साली हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी पिंजराभर वटवाघळं घेऊन पियर्स या प्राध्यापकांच्या यंत्रापुढे गेला. आपल्या कानांना सेकंदाला २० हजार कंपनांच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. ते यंत्र तो ऐकू शकायचं. पाहतात तर वटवाघळं अखंड ओरडत होती. ती हाक मारतात, किड्यावर आपटून प्रतिध्वनी येतो, आणि त्यावरून किडा कुठे, किती लांब, ते त्यांना कळतं.

माणसाने तसाच आवाज काढायला एव्हाना सुरुवात केली होती, पण भलत्याच कामासाठी. १८८० साली पिएर आणि जाक या क्युरी बंधूंना असे स्फटिक सापडले, की दाबले तर त्यांत वीज तयार होते. उलटही खरं: वीज दिली तर ते थरथरतात. पिएर क्युरींचे शिष्य पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात स्फटिकाच्या त्या थरथरीतून समुद्रात आवाज सोडला, पाण्याखालच्या जर्मन पाणबुड्या शोधायला. युद्ध संपलं, पण युक्ती राहिली. कारखान्यात पोलादाच्या आतली चीर शोधायला ती वापरात आली.

आणि मग आले ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड. १९५५ साली एका बॉयलरच्या कारखान्यात पोलाद तपासायचं असं यंत्र आहे, हे कळल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत भरल्या आणि निघाले तिकडे. कारखान्यानेही तुलनेसाठी मांसाचा मोठा तुकडा आणून ठेवला होता. पाण्याने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आणि भरीव गाठीचा वेगळा, हे तिथे स्पष्ट दिसलं. टॉम ब्राउन हा तरुण इंजिनीयर आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासोबत डोनाल्डनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख छापला. त्या काळात एका बाईच्या पोटात शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कॅन्सर आहे असं ठरलं होतं. यंत्राने दाखवलं की ती बीजांडाची पाण्याने भरलेली गाठ आहे. ती काढली आणि बाई बरी झाली. याच तपासणीला आज आपण सोनोग्राफी म्हणतो.

“सोनोग्राफी म्हणजे बाळ बघतात तीच ना?”

तीच. आणि बाळ बघताना आपल्या लोकांनी त्या आवाजाचा काय वापर केला, तेही ऐकून ठेवा. मुलगी असेल तर नको, असं ठरवायला त्याचा उपयोग झाला. ते थांबवायला महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशात पहिला. म्हणून आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते. यंत्राला चांगलं-वाईट कळत नाही, ते चालवणाऱ्यालाच कळावं लागतं.

आता यकृताच्या दाराशी जाऊ. तपासणीला उपाशीपोटी बोलावतात. पोटात काही गेलं, की आतड्यांत वायू साठतो, आणि वायूपुढे हा आवाज हतबल असतो. हवा लागली की तो जवळजवळ सगळा परत फिरतो. पोटावर तो गार, चिकट जेल लावतात तोही यासाठीच: प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्राचं टोक, आणि कातडी यांच्यामधली हवा घालवायला. मग खोलीतला दिवा मंद करतात. “डाव्या कुशीवर वळा. श्वास आत घ्या. धरून ठेवा.” श्वास घेतला, की यकृत बरगड्यांखालून खाली सरकतं आणि त्याच्या आडून दार दिसायला लागतं.

प्रोबमधला स्फटिक सेकंदाला ३५ लाख कंपनांच्या आसपास थरथरतो. एक बारीकशी हाक सोडतो आणि उरलेला सगळा वेळ कान देऊन बसतो. अंगात आवाज सेकंदाला १,५४० मीटर वेगाने जातो. समजा गाठ सात सेंटीमीटर खोल आहे. हाक जाऊन परत यायला किती वेळ लागेल? सेकंदाचे अकरा हजार भाग करा, त्यातला एक! यंत्र तो वेळ मोजतं, त्यावरून खोली ठरवतं, आणि अशा हजारो प्रतिध्वनींतून पडद्यावर करड्या रंगाचं चित्र उभं करतं.

चित्र उभं राहिलं म्हणजे गाठ सापडली असं नाही. डॉक्टर आधी पोर्टल शीर शोधतात. काळा, जाड पट्टा. तिचा माग काढत दारापर्यंत येतात. तिथे धमनीही काळी, पित्ताची नळीही काळी, आणि गाठही काळसर. कोणती कोण? मग रंगीत डॉप्लर लावतात. रक्त वाहत असेल तिथे लाल-निळा रंग उमटतो. धमनी आणि शीर रंगतात, पित्ताची नळी रंगत नाही, पण ती लांब जाताना दिसते. गाठीला मात्र सगळीकडून कड असते. लांबट, चपटी, कडा गुळगुळीत, आणि मधोमध एक पांढुरकी रेघ. त्या मधल्या जागेतून तिच्या रक्तवाहिन्या आत-बाहेर करतात. मग लांबी, रुंदी, जाडी मोजायची, तिघांचा गुणाकार करून जवळपास निम्मा करायचा, की गाठीचं आकारमान मिळतं.

१९९७ साली जर्मनीत क्रिस्टोफ डीट्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट ‘सी’ असलेल्या रुग्णांच्या दाराशी अशाच गाठी मोजल्या. त्यांच्या यकृताचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, रक्तातला विषाणू मोजला आणि तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. गाठीचा आकार यकृतातल्या जळजळीशी आणि रक्तातल्या विषाणूशी जुळत होता. त्याहून मजेशीर गोष्ट त्यांनी २००० साली छापली. औषधाने ज्यांच्या अंगातला विषाणू कायमचा गेला, त्यांच्या गाठी आकसल्या. ज्यांना औषध लागू पडलं नाही, त्यांच्या गाठी होत्या तशाच राहिल्या. पालखी गेल्याशिवाय गाव रिकामं होत नाही, तसंच हे.

“मग रक्त कशाला तपासायचं? गाठ बघितली की झालं!”

थांब, थांब. गाठ खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. विषाणू कोणता, ‘बी’ की ‘सी’, हे तिला बघून कळत नाही. ते रक्तच सांगतं. यकृत किती कडक झालंय, हेही गाठीवरून ठरत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन नावाची वेगळी तपासणी आहे. धडधाकट माणसालाही तिथे एखादी लांबट गाठ दिसू शकते, पोर्टल शिरेमागच्या जागेत तर बऱ्याचदा. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं, त्या आजारातही गाठी फुगतात. आणि आपल्या देशात क्षयरोग आहेच. गाठी एकमेकींना चिकटलेल्या, मधोमध सडल्यासारख्या दिसल्या तर आधी त्याची शंका घ्यायची. गाठ लांबटची गोल झाली, मधली पांढरी रेघ नाहीशी झाली, तर कॅन्सर तर नाही ना, तेही तपासायचं. म्हणून चांगला डॉक्टर रिपोर्टात ‘गाठ आहे’ एवढ्यावर थांबत नाही. कुठे आहे, केवढी, आकार कसा, आणि मागच्या वेळेपेक्षा मोठी की लहान, हे लिहितो. यकृत कडक झालेल्या माणसाची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करतात, कॅन्सर लवकर सापडावा म्हणून. तेव्हा दाराशीही एक नजर टाकायची, त्याला वेगळा पैसा लागत नाही.

एक गंमत मात्र खरी. रिपोर्टात ‘लिम्फ नोड्स’, म्हणजे लसिकागाठी, असं वाचलं, की घरात रडारड सुरू होते. गाठ म्हटलं की माणसाच्या मनात एकच रोग येतो. पण जुनाट काविळीच्या रुग्णात त्या लांबट, मऊ कडांच्या गाठीचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो: आत विषाणू आहे, आणि तुमचं शरीर अजून त्याच्याशी भांडतंय. तेव्हा घाबरायचं नाही, पण रिपोर्ट कपाटात टाकूनही द्यायचा नाही. रक्त तपासून विषाणू शोधायचा.

पूर्वी ‘सी’साठी महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, अंगात ताप भरायचा, आणि तरी पुष्कळांचा विषाणू जात नसे. आता तीनेक महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात. ‘बी’ पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी दबून राहतो. या विषाणूंविरुद्ध २८ जुलै २०१८पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत. ती तारीखही मुद्दाम निवडलेली: २८ जुलै हा ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस, आणि म्हणून जागतिक काविळीचा दिवस.

“आणि आजोबा, आम्हाला होऊ नये म्हणून?”

‘सी’ची लस अजून नाही, ‘बी’ची आहे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस द्यायचा. कारण तान्हेपणी ‘बी’ शिरला तर शंभरातल्या नव्वदांच्या अंगात तो कायम राहतो, मोठेपणी शिरला तर पाचांच्याही नाही. तेव्हा तुमच्या आत्याचं बाळ आलं, की नाव काय ठेवायचं याचा वाद घालण्याआधी दवाखान्यात विचारा: पहिली लस टोचली का? आणि न्हाव्याकडे गेलात, की नवं ब्लेड लावायला सांगायला लाजू नका.